आमटी कुणाच्या हातची

“कॅनडावाल्यांना सगळं बारकाईनं लागतं, आक्का,” टायपिस्ट पत्कीमास्तर म्हणाले. “सून तुमच्या खानावळीत अकरा वर्षं नेमकं काय काम करते?”

एरवी आक्कांची जीभ कात्रीसारखी चालायची. “माझ्या हाताखाली असते. कांदा चिरते, ताटं वाढते,” असं त्यांनी गिऱ्हाइकांना हजारदा ऐकवलं होतं. आता त्याच शब्दांवर सुनेचे कागद अडले असते. तिकडे आचाऱ्याची नोकरी मिळायची, तर स्वयंपाकाच्या अनुभवाचा दाखला मालकिणीनंच द्यायला हवा होता.

“आत्या सांगतील ते लिहा,” मांडीवरची फाईल सावरत रेवती म्हणाली. सासूकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आणि टायपायला नेमके हे पत्की! रोज दुपारी आमटीचा भुरका मारून “आक्का, काय हात आहे तुमचा!” म्हणणारे. आक्काही दरवेळी पदर सावरून हसायच्या.

“लिहा,” आक्का खाली बघत म्हणाल्या. “भाजी, भाकरी, मटण, सणाचं गोडधोड, सगळं तीच करते. पहाटे पाचपासून.”

मास्तरांची बोटं थांबली. “आमटीसुद्धा?”

“आमटीसुद्धा. मी गल्ल्यावर बसते.” आक्कांचे कान तापले होते.

“पण आत्यांनीच शिकवली मला,” रेवती घाईघाईनं म्हणाली.

शिव्यांखेरीज आक्कांनी तिला काही शिकवलं नव्हतं, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

“ते नका लिहू, मास्तर,” आक्का म्हणाल्या. “आमटी तिच्या आईची आहे. मी नुसतं माझं नाव लावलं.”