गवतावरचं अंथरूण

"उठा बाई. गवतावर अंथरूण घालायचं नाही, कायदा आहे," पोलीस हॉलोवे म्हणाला. "एका बाईंचा तक्रारीचा फोन आलाय."

बागेतच राहणारी बेघर, काळी ओडेसा उठली नाही. तिच्याखाली आईने जुन्या विजारींच्या तुकड्यांची शिवलेली गोधडी होती. हिवाळ्यात कचऱ्याच्या ट्रकने नेलेली तिची पांघरुणं परत मिळालीच नव्हती. आता हीही गेली तर आईचं म्हणून काही उरणार नव्हतं, आणि या खेपेला तुरुंगही ठरलेला. तरी बाई अशी निवांत, जणू पाहुण्यांची वाट बघत बसलेली.

"माझं एकटीचंच अंथरूण दिसतं होय, साहेब?"

बागभर चौकड्यांच्या चादरी पसरल्या होत्या. संध्याकाळी बँडचा कार्यक्रम होता. टेकडीवरच्या बंगल्यांतली गोरी मंडळी सकाळीच चादरी टाकून, जागा धरून घरी गेली होती.

"ती माणसं वेगळी आहेत."

"वेगळी म्हणजे कशी? म्हणा की मोठ्याने!"

हॉलोवेचे कान लाल झाले. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. अंथरूण उचलायला हॉलोवेबरोबर आलेला कचऱ्याच्या ट्रकवाला डिमिट्रियस ओडेसाच्याच चर्चमधला. हातमोजे चढवत त्याने साळसूदपणे विचारलं, "साहेब, कायद्याने उचलू, की कातडी बघून?"

"सगळं उचल!" हॉलोवे ओरडला.

डिमिट्रियसने इतक्या आनंदाने कधीच काम केलं नव्हतं. या गडबडीत ओडेसाला पकडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी बंगलेवाले खाण्याच्या टोपल्या घेऊन आले, तर गवत मोकळं. चादरी गावाबाहेरच्या गोदामात. ओळखपत्र आणा, चादर तुमचीच आहे याचा पुरावा आणा, मग न्या. बेघरांना हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं आणि त्यांचं गाऱ्हाणं नगरसभेने कधी कानावर घेतलं नव्हतं. आता मात्र सभासदांचे फोन खणखणायला लागले. पुढच्याच बैठकीत कायदा रद्द झाला. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या बेघरांकडून अशा टाळ्या पडल्या की अध्यक्षांचा हातोडा कुणाला ऐकूच आला नाही.

बाहेर पायऱ्यांवर डिमिट्रियसने ट्रकच्या सीटमागे जपून ठेवलेली गोधडी आणून ओडेसाच्या खांद्यावर घातली. "मिस ओडेसा, एवढं सांगा. तुमची तक्रार करणारी ती बाई होती तरी कोण?"

"मीच की रे," ओडेसा म्हणाली. "लायब्ररीतल्या फोनवर जरा गोऱ्या मडमेसारखा आवाज काढला, तर धावत आले मेले!"