ओढ्याच्या अलीकडे

"आई, इथं नको! पुढं चल!" रॉइस घोड्यावरूनच ओरडला.

व्हर्नानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती उतरली आणि खोगिराला बांधलेली जेवणाची पिशवी सोडू लागली. तिच्यामागे सगळा कळप थांबला. गायींच्या जिभा बाहेर आल्या होत्या. वासरं आयांच्या सावलीत घुसायला धडपडत होती.

नेल धूळ खात सर्वांत शेवटी पोचली. रॉइसशी लग्न होऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. गुरं डोंगरातल्या उन्हाळी कुरणावर न्यायची तिची ही पहिलीच खेप. घरात एक स्वार कमी होता म्हणून तिला घोड्यावर बसवलं होतं. रॉइसचा धाकटा भाऊ ड्वेन अशाच एका खेपेत संध्याकाळच्या तळावर बापाशी भांडला आणि न जेवताच निघून गेला. पुढं तो बापाच्या मातीलाही आला नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

नेलला जात्याच चौकशा फार. तिनं चहूकडे पाहिलं. ना झाड, ना पाण्याचा थेंब. नुसती करडी झुडपं आणि डोक्यावर रणरणतं ऊन. तासाभराच्या वाटेवर ओढ्याकाठची हिरवी झाडं स्पष्ट दिसत होती. शहाणा माणूस इथं शिंकायलाही थांबला नसता, आणि सासूबाई खुशाल जेवायला बसल्या होत्या.

"इथंच का थांबतात त्या?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"डोकं फिरलंय, दुसरं काय! एकदा सामानाच्या गाडीचं टायर फुटलं म्हणून इथं जेवलो होतो. तेव्हापासून दरसाल इथंच. टायर फुटलं त्या जागेची कुणी यात्रा करतं का?" रॉइस चांगलाच तापला होता. "सांगून ठेवलंय तिला. यंदा एक जरी वासरू गमावलं, तर पुढच्या वर्षीपासून कळप मी नेणार. तिनं घरी बसायचं."

नवऱ्याचं खोटं नव्हतं. तरी नेलला सासूची कीव आली. या वयात त्या बाईच्या हातून कळप काढून घेतला, तर तिच्याजवळ उरणार काय?

तेवढ्यात कळपातून एक तांबडी गाय बाहेर पडली. हंबरडे फोडत ती आल्या वाटेनं माघारी निघाली. तिचं वासरू कुठंच दिसत नव्हतं.

"घ्या! गेलं एक!" रॉइसनं घोडा वळवला. "आधी हिला अडवतो."

"अडवू नकोस," व्हर्ना म्हणाली.

"अगं, पळून चाललीय ती!"

"पळत नाहीये. जन्म गेला तुझा गुरांत, आणि हे मी सांगू तुला?"

रॉइसनं लगाम खेचला. नेलला मात्र राहवेना.

"आई, कुठं चाललीय ती?"

"सकाळी जिथं वासराला पाजलं, तिथं." व्हर्नानं तिच्या हातात मांस घातलेला पाव ठेवला. "चुकलेलं वासरू दुसरीकडं कुठं जात नाही. शेवटचं दूध जिथं प्यालं, तिथंच परत येतं. गायीला ते ठाऊक असतं. रानभर शोधत फिरली तर चुकामूक व्हायची. म्हणून ती तिथं जाऊन उभी राहते."

"आणि नाही आलं तर?" रॉइसनं विचारलं.

"तरी उभी राहते."

तांबडी गाय आता लांब गेली होती. तिचा आवाज तेवढा येत होता. नेलनं पाव तसाच हातात धरला होता. विचारू नये असं तिला वाटलं, आणि तिनं विचारलंच.

"पण आई, आपण इथं का थांबतो?"

व्हर्ना रिकाम्या रस्त्याकडे पाहत होती.

"ड्वेन माझ्या हातचं शेवटचं इथं जेवला."