शेवटच्या गाण्यातला तंबोरा

मिरजेच्या आमच्या दुकानातून अकरा वर्षांपूर्वी तंबोरा नेलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाने आपल्या बँडचा अल्बम पाठवला होता. फोन मध्ये ठेवून मी आणि अब्बा ऐकत बसलो. सावकाश वाजणारी गिटार, आणि मयतीला आल्यासारखा गाणारा माणूस. सगळ्या जगात तीनशे लोकांनीही तो अल्बम ऐकला नव्हता. मला नवल वाटलं नाही.

"बंद करू?" चौथ्या गाण्याला मी विचारलं.

"असू दे. त्याला कसली घाई नाही, बरं वाटतं."

शेवटच्या गाण्यात गिटार थांबली आणि नुसता तंबोरा घुमत राहिला. अब्बांच्या हातचा तो शेवटचा. तारांखालची घोडी कानशीने घासून आवाजात जवारीचा घुमारा आणायचा, तर केसाएवढी चूक चालत नाही. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी कानस ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून घोड्या मी घासतो.

गाणं संपलं तरी अब्बांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत.

"घोडी झिजलीय. जवारी उतरली," ते म्हणाले. "त्याला लिही, घोडी काढून पाठव म्हणावं."

"तीनशे लोकांत कुणाला कळणार आहे, अब्बा?"

"मला कळलं की."

"बरं, येऊ दे. घासून देतो मी."

अब्बांनी खण उघडला, तळाची जुनी कानस काढून सदऱ्याच्या टोकाला पुसली. हात थरथरतच होता.

"पार्सल यायला किती दिवस लागतात?"

"महिना तरी."

"मग एक टाकाऊ घोडी दे इकडे," ते म्हणाले. "तोवर हात बसेल."