तासभरानं उमटलेली रेघ

वैजयंतीनं पट्टीवर तीन थेंब टाकले. साध्या पाण्याचे. मोरीतल्या बादलीतल्या, बोरच्या पाण्याचे.

तिला कुणाला फसवायचं नव्हतं. ती थकली होती, बस्स. पाळी आठ दिवस लांबली की सासूबाईंनी, म्हणजे भागम्मानं, सकाळी सकाळी हातात किट द्यायचं. पट्टीवर दुसरी रेघ दिसली की घरात सगळं हळू आवाजात सुरू. वाकू नको, घागर उचलू नको, पपईकडं बघू सुद्धा नको. आणि चार-पाच दिवसांत पाळी यायचीच. मग त्याच सासूबाई कपाळाला हात लावून बसायच्या. "गेलं बग. हिच्या पोटात टिकतच न्हाई." तीन वर्षांत असं चारदा झालं होतं. चौथ्यांदा तर त्या शेजारच्या सगुणाबाईंसमोर म्हणाल्या. वैजयंती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

आता पाचव्यांदा गेलं तर? नवऱ्याच्या, राजेश्वरच्या दुसऱ्या लग्नाचं भागम्मा हल्ली उघड बोलायच्या आणि राजेश्वर मान खाली घालून दुकानाकडं निघून जायचा. म्हणून तिला आज फक्त एक स्वच्छ नकार हवा होता. पाण्यावर दुसरी रेघ कुठली येते? दिवस राहत नाहीत, एवढंच ऐकावं लागलं असतं. दिवस राहतात आणि ही घालवते, हे ऐकायची ताकद आता तिच्यात उरली नव्हती.

पट्टी नेहमीसारखी बेलाच्या पानाखाली झाकून देवापुढं गेली. या घरात चांगली गोष्ट आधी देवानं बघायची, मग माणसांनी. सासरे लिंगराजअप्पा पूजेला बसले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. अप्पांची पूजा म्हणजे चांगली तासभर. तेवढ्यात परभणीची गाडी पूर्णेला पोचली असती.

पूजा संपता संपता आरोग्य केंद्राची आशाताई सुकेशनी दारात उभी राहिली, काखेत वही घेऊन. भागम्मानंच तिला बोलावलं होतं.

"ये गं सुकेशनी. आज तुज्या वहीत आमच्या सुनंचं नाव चढवायचंय."

"काकू, आधी कळू तर द्या."

"कळायलाय की आता. देव द्यायलाय, तू कशाला मधी शंका काढतीस?"

अप्पांनी हात जोडले. भागम्मानं पान उचललं.

"आली! आली गं बाई रेघ! फिक्कट हाय, पर हाय!"

मग लगेच त्या वैजयंतीकडं वळल्या. "आता ऐक. ह्या येळंला गेलं तर मी कुणाचं ऐकायची न्हाई. तुला म्हायेरी नेऊन घालीन."

वैजयंती रेघेकडं बघत होती. तशीच होती ती. आधीच्या चारी वेळांसारखी, पुसट, राखेच्या रंगाची. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"आत्या, त्यात मी पाणी टाकलं होतं."

"काय?"

"बोरचं पाणी. माझं काहीच न्हाई त्यात."

अप्पांनी डोळे उघडले. सुकेशनीनं पट्टी उचलली आणि दारातल्या उजेडात धरली.

"कधी टाकलं होतं, ताई?"

"तास झाला."

"काकू, मी तुमाला पाच मिनिटं सांगितली होती."

"मंग!" भागम्मा उसळल्या. "तू पाच म्हनलीस, आमी तासभर थांबलो. जास्तीच थांबलो की!"

"तेच तर नडलं. पाच मिनिटांच्या आत रेघ आली तर फिक्कट असली तरी खरी धरायची. नंतर पट्टी वाळताना अशी राखट रेघ पाण्यावर बी उमटती. ती धरायची नसती." सुकेशनी बोलता बोलता थांबली. "आधीच्या चारी येळंला पण पूजा झाल्यावरच बघितलं का?"

अप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"दवाखान्यात एकदा तरी दाखवलं होतं?"

"कधी दाखवायचं?" भागम्मांचा आवाज उतरला होता. "चार दिवसांत तर जायचं."

"मग काकू, ते बहुतेक नव्हतंच. हिच्याकडून काई गेलंच न्हाई. उद्या सकाळी मी सोता येते. घड्याळ लावून बघू. आणि काई बी निघालं तरी ह्यांना दोघांना डॉक्टरकडं न्यायचं."

वैजयंतीला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण ओरडू, भांडू, तीन वर्षांचं सगळं बाहेर काढू. पण तिला नुसती झोप आली. भिंतीला डोकं टेकून ती सासूच्या तोंडून काय निघतंय याची वाट बघत राहिली. पाणी का टाकलंस, यावरून आता बोलणी बसणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

भागम्मा देवापुढं बसल्या. मग सुनेकडं न बघताच, घरात कुणी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग मी रोज भस्म लावताना गेलेल्या लेकरांची म्हनून चार नावं घ्यायलेय, ती कुणाची गं, वैजू?"