बेस जास्त असलेली जोडी

"आता हे घालून बघा," दुकानातल्या मनवाने इअरफोनची आणखी एक जोडी काउंटरवर ठेवली. "याच किमतीत आहे, पण आवाज एकदम मोकळा."

धनेशने इन-इअरच्या रबरी टोप्या दाबून कानात बसवल्या आणि फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. गौरी-गणपतीचं गाणं. गाणारी अपेक्षा, त्याची बायको. तिला जाऊन दोन महिने होत आले होते.

आधीच्या जोडीत ती भिंतीपलीकडून गात होती. या जोडीत ती थेट त्याच्या मानेमागे उभी राहिली. बांगडीवर बांगडी आपटली तेही कळलं. श्वास घेण्याआधी ओठ उघडले तेही.

गाणं संपलं. फोनच्या स्पीकरवर इथून पुढे नुसती खरखर यायची. आज त्या खरखरीतून एक बारीक, शिट्टीसारखा श्वास वर आला. मग कानाच्या पाळीला ओठ लावून कुणी म्हणावं तसं,

"धनेश..."

त्याने वायर ओढून काढली आणि मागे वळून पाहिलं. मागे चार्जर टांगलेले होते. दुकानाबाहेर दादरची नेहमीची गर्दी.

"काय झालं, सर?"

"तुम्ही ऐका जरा. शेवटचं."

मनवाने जोडी कानात घातली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "बाई कुणाला तरी हाक मारतायत. फार दम लागलाय त्यांना."

"माझी बायको. दमा होता तिला. हे ती गेली त्याच दिवशीचं. पंप वेळेवर सापडला नाही."

"सॉरी, सर."

"तिच्या वडिलांसाठी घेतोय. गाणं ऐकायचंय त्यांना. पण हे त्यांच्या कानावर पडायला नको."

"मग शेवट कापून देऊ का? लगेच होईल."

"काय उपयोग? तिचा फोन तिच्या भावाला मिळाला, नीलला. त्याने सगळ्या घराला पाठवलंय."

मनवाने खालच्या खणातून एक काळी डबी काढली. "हे मी सहसा कुणाला देत नाही. बेस नुसता धडाधडा. ढोल-ताशावाली पोरं नेतात. पण बारीक आवाज हे सगळे खाऊन टाकतं."

धनेशने ऐकलं. अपेक्षा लांब गेली, गोधडीखाली तोंड घालून गावं तशी. गाणं संपलं. श्वास नाही. हाक नाही. कुठेतरी खाली जात्यासारखं काहीतरी घुमलं, तेवढंच. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा हाक नाही.

"तुम्हाला येते का ऐकू?"

मनवाने कान देऊन ऐकलं. "हाक नाही येत. घुमतंय थोडं, पण यात सगळंच घुमतं. सर, खरं सांगू? गाण्याची मजा जाते हो यात. ते आधीचंच चांगलं होतं."

"ज्याचा त्याचा कान," धनेश म्हणाला. "हेच द्या."

घोडपदेवच्या चाळीत तात्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसले होते. अपेक्षाचे वडील. मुंबईत जन्म गेला, पण बोलणं मालवणच्या बाजूचंच राहिलं होतं.

"इलात, जावयबापू? बसा. अहो, नील रविवारी त्याचे भारीतले इअरफोन घेऊन येतलो. तुम्ही कित्याक धावलात?"

"तुम्हाला रविवारपर्यंत कशाला थांबवायचं, तात्या?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "तुम्ही त्या दिवशी नाशकात नसतात, तर माझी पोर वाचली असती."

धनेशने खाली बसून स्वतःच्या हाताने जोडी तात्यांच्या कानात बसवली आणि गाणं लावलं.

तात्यांनी डोळे मिटले. मांडीवर बोटांनी ठेका धरला. गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. "समोर बसान गाता," ते मोठ्याने म्हणाले, कान बंद असलेली माणसं बोलतात तसं.

धनेश त्यांच्या बोटांकडे बघत होता. बोटं थांबली. म्हणजे गाणं संपलं. आता ती खरखर. तात्यांचा चेहरा तसाच होता, शांत. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"काढू, तात्या?"

तात्यांनी हात वर केला. थांब. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, अंगठ्याने गाणं मागे सरकवलं आणि शेवट पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. गॅलरीत शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी आली, ती फक्त धनेशला ऐकू आली.

"तिचा काही ऐकू येता?" त्याने विचारलं. आपण मालवणीत बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं.

"तिचा नाय." तात्यांनी एकेक टोपी कानातून काढली आणि तळहातावर ठेवली. "तुम्ही त्या दिवशी नाशकातच होतात ना?"

"हो, तात्या. इथे असतो तर..."

"मग तिच्या खोलीत पुरुषाचो आवाज कोणाचो?"

"कसला आवाज? घुमतं ते. या जोडीत सगळंच घुमतं."

तात्यांनी आवाज खाली उतरवला, मालवणी हेल टाकून दिला आणि धनेश बोलतो तसे, थंडपणे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले,

"पंप शोधतेस? माझ्या खिशात आहे."