पोझिलिपोचं भाडं

काळ्या कोटातला म्हातारा आज पुन्हा आला, आणि बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या तीनचाकीवाल्यांचे हात एकदम हलले. कुणी गळ्यातलं लाल शिंग धरलं, कुणी लोखंडी किल्ली मुठीत आवळली. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांनी विजारीच्या खिशात हात घालून जे हाती लागलं ते धरलं. अपशकुन टाळायला नेपल्समध्ये शिंग, लोखंड आणि स्वतःचा पुरुषार्थ, तिन्ही चालतात.

म्हातारा शिडशिडीत. डोळ्यांवर काळा चष्मा, भर जुलैत गळ्यापर्यंत लावलेली बटणं. तो कुठून आला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा आला तेव्हा रांगेत दुसऱ्या उभ्या राहणाऱ्या लिबोरिओच्या गाडीचं चाक बसलं. मग एकदा वाऱ्यामुळे मोठं जहाज धक्क्याला लागलंच नाही. ज्या दिवशी तो येऊन गेला आणि काहीच झालं नाही, तो दिवस कुणी हिशेबात धरला नाही. अपशकुनाच्या खात्यात नुसती नावेचीच बाजू असते, जमेची नसते.

"पोझिलिपोला येता का?" त्याने आजही अदबीने विचारलं. पोझिलिपो म्हणजे गावाच्या टोकाची समुद्रावरची टेकडी, एरवी चांगलं लांबचं भाडं.

"ब्रेक धरत नाही हो, साहेब."

"पेट्रोल संपलंय बघा नेमकं."

सगळे हसून बोलत होते. अशा माणसाला नाही म्हणायची सोय नसते. तो दुखावला तर घरदार बसतं. आणि बसवून घ्यावं, तर ती गाडी दुसऱ्या दिवशी विकावी लागते. घेणारा मिळाला तर.

तेवढ्यात जहाजातले पाहुणे बाहेर पडू लागले. एरवी ते फाटकाशी पोचेपर्यंत त्यांना बरंच कळलेलं असे. टेकडीवर चढणाऱ्या रेल्वेचा दोर तुटलाय. बसवाल्यांचा संप आहे. भुयारी गाडीत पाकीटमार आहेत. आणि पायी जायचं म्हणाल, तर कालच एक इंग्रज उन्हाने वाटेत मेला. हा इंग्रज दर उन्हाळ्यात बरेचदा मरतो. आज मात्र सगळ्यांची नजर म्हाताऱ्यावर खिळलेली; पाहुण्यांना हे सांगायला कुणी पुढे झालं नाही. पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाट्या वाचल्या, आणि चक्क दोराच्या रेल्वेकडे चालू लागले.

"काका, काहीतरी करा," लिबोरिओ कुजबुजला. "अख्खं जहाज चाललं!"

आनिएल्लोकाका रांगेत सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांत पुढे. ते काही बोलणार तोच म्हाताऱ्याने त्यांच्या गाडीच्या सीटवर हात ठेवला, दाबून पाहिली आणि म्हणाला, "गादी मऊ आहे."

काकांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी रांगेच्या पार शेवटाकडे पाहिलं. तिथे कचऱ्याच्या डब्यांशेजारी नुन्झिया आपल्या गाडीची काच पुसत होती. ती डोंगराकडून आलेली, नवी. नव्याने शेवटी उभं राहायचं आणि पुढचा कुणी निवृत्त होईल किंवा मरेल याची वाट पाहायची, हा इथला रिवाज. आमच्याकडे दोन्हीची घाई कुणी करत नाही. त्या डब्यांच्या वासातून चालत तिच्यापर्यंत पाहुणा येतच नसे. सगळे म्हणायचे, हा उन्हाळा असाच गेला की बाईची गाडी विकली जाईल, मग जाईल परत डोंगरावर शेळ्या राखायला.

काका धावत तिच्याकडे गेले. "पोरी, तू शिकलेली. तुझा असल्या गोष्टींवर विश्वास नसेल. त्या भल्या माणसाला तेवढं पोझिलिपोला सोड."

"विश्वास नाही कसा? तुमच्यापेक्षा जास्त आहे. माझी दोन पोरं आहेत, काका. मला काय मरायची हौस आलीय?"

"तिसऱ्या जागेवर उभी राहा उद्यापासून."

"तिसऱ्या जागेवर अपशकुन कमी लागतो होय?"

"मग काय पाहिजे तुला?"

"पहिली. कायमची."

"अगं, पहिली माझी आहे!"

"म्हणून तर मागतेय. दुसरी मागितली तर लिबोरिओभाऊंना वाईट वाटेल."

मागे म्हाताऱ्याने काकांच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला.

"दिली!" काका ओरडले. "दिली गं बाई!"

"असं नाही. सान जेन्नारोची शपथ घ्या. सगळ्यांनी."

सगळ्यांनी घेतली. आमच्या बंदरावर पाहुण्याला दिलेला शब्द वाऱ्यावर जातो. सान जेन्नारोला, गावाच्या रक्षणकर्त्या संताला, दिलेला जात नाही. नुन्झियाने छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे पुसले आणि म्हाताऱ्यापुढे जाऊन दार उघडलं. "या आजोबा." तो सावकाश चढून बसला. "बिचारी," लिबोरिओ म्हणाला आणि गाडी निघताच तिच्यामागे मूठभर मीठ फेकलं. काकांनी आपली गादी उपसून समुद्रात टाकली.

गाडी किल्ल्याला वळसा घालून समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. बंदर मागे दिसेनासं झालं. म्हाताऱ्याने चष्मा काढून कपाळ टिपलं, कोटाची बटणं सोडली आणि उसासा टाकला.

"तुझं काम झालं. पण आता या गावात मला गाडीत कोण घेणार गं?"

"रांगेतली पहिली गाडी, बाबा," नुन्झिया म्हणाली.