ओल्या बोटांची परीक्षा

“परत पाठवा हे,” खोकं उघडायच्या आधीच मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“अहो, आधी बघा तरी,” खरेदीवाले साहेब म्हणाले.

“खोक्यावरचं चित्र बघतेच आहे. नुसतं बघण्यापुरतंच आहे ते. हात लावला की रुसतं.”

वॉर्डात सोळा खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी नळीतून औषध सोडणारा एक पंप. जुना, जाडजूड, डब्यासारखा. पुढ्यात खाचांचं गोल बटण, त्याखाली लाल खटका. बटण एक घर फिरवलं की ‘टक्’ व्हायचं. दोन घरं, दोनदा टक्. नजर रोग्याच्या चेहऱ्यावर राहायची आणि बोटं आपली मोजत जायची. वेणी घालणाऱ्या हाताला पाठीमागे कुठं डोळे लागतात? तेवीस वर्षं मोठ्या सिस्टरांची बोटं तशीच चालत आली होती.

सोमवारपासून हे सोळाही पंप अडगळीत जाणार होते. त्यांच्या जागी काचेच्या पाटीचे येणार होते. आज मोठ्या डॉक्टरांनी सही केली की झालं.

नव्या पंपांच्या कंपनीचा माणूस चाळिशीचा होता. चापून बसवलेला भांग, चकचकीत बूट, तोंडावर हसू. असली यंत्रं एरवी वरच्या मीटिंगच्या खोलीत दाखवत, गार हवेत, चहाबिस्किटांबरोबर. यानं मात्र हट्टच धरला होता. “खोलीत कशाला? वॉर्डातच दाखवतो.”

“माज बघा मेल्याचा,” सिस्टर आयामावशींच्या कानाशी लागल्या.

“बूट बघा आधी,” मावशी म्हणाल्या. “आत्ताच फरशी पुसलीय मी.”

रिकाम्या खाटेशेजारी त्यानं पंप उभा केला. काच उजळली. निळे, हिरवे, नारिंगी चौकोन जत्रेसारखे नाचू लागले.

“सगळं एका बोटावर,” तो म्हणाला. “फक्त बोट कोरडं हवं. तुमची बोटं ओली असतात का कधी, सिस्टर?”

सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“कधी? कोरडी कधी असतात ते विचारा! दिवसातून साठदा हात धुतो आम्ही. वर मोजे. मोज्यांवर औषध, रक्त, काय काय. वॉर्ड कधी डोळ्यांनी बघितलाय का हो तुम्ही?”

“थोडाफार.”

“मग हे कुणी काढलं? खुर्चीत बसून, पंख्याखाली, कोरड्या बोटानं काढलं असणार!”

मोठे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. “सिस्टर, काय दाखवायचं ते थोडक्यात दाखवा.”

“मी कशाला दाखवू? दाखवतील हेच.” सिस्टरांनी बेसिनकडे बोट केलं. “धुवा हात. मोजे घाला. आणि समजा, या खाटेवरच्या माणसाला एकाएकी धाप लागलीय. औषध थांबवा.”

खरेदीवाले साहेब मध्ये पडले. “अशी परीक्षा कशाला? कागदावर सगळं—”

“घेऊ द्या की परीक्षा,” कंपनीचा माणूस म्हणाला आणि बाह्या सारून बेसिनकडे गेला. हात कोपरापर्यंत धुतले. न पुसताच मोजे चढवले.

“चला,” सिस्टर म्हणाल्या. “जीव चाललाय त्याचा.”

त्यानं काचेवर बोट ठेवलं. काच ढिम्म. पुन्हा ठेवलं. आता काचेनं कुलूप दाखवलं. त्यानं आकडे दाबले, एक चुकला, पुन्हा दाबले. मग पान आलं. पानामागून पान आलं. ‘नक्की थांबवायचं?’ काचेनं विचारलं. त्यानं ‘हो’वर बोट टेकवलं, तसा मनगटावरून एक थेंब ओघळला आणि काचेवर पसरला. औषधाच्या वेगाचा चारचा आकडा चढू लागला. आठ. पंधरा. चाळीस.

मोठ्या डॉक्टरांची नजर घड्याळावरून काचेवर आली.

सिस्टरांनी मागं न बघता हात मागं नेला. तिथल्या चालू पंपाचा खटका चाचपला, दाबला. टक्. औषध थांबलं. लगेच दुसरी टक्. औषध पुन्हा सुरू झालं. तिथले आजोबा झोपलेले होते, ते झोपलेलेच राहिले.

“ही बघा,” त्या म्हणाल्या. “ही एवढीशी टक्. ही काढून घेताय तुम्ही आमच्या हातातून. आणि वर सांगताय, सुधारणा! माणूस गेला की म्हणाल, सिस्टरांना यंत्र येत नव्हतं. लाज नाही वाटत विकायला?”

“पोट आहे, सिस्टर,” तो मोजे काढत म्हणाला.

“मग भाजी विका! भाजीनं कुणी मरत नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. “जुनेच राहू देत. जे कुरकुरतात ते दुरुस्त करून घ्या.”

साहेबांचं तोंड पडलं. ते कंपनीच्या माणसावर घसरले. “साधं दाखवता येत नाही तुम्हाला? पहिलीच खेप आहे का?”

“अकरा वर्षं झाली, साहेब.”

“आणि हात पुसायचं कळत नाही?”

“विसरलो.”

“तुमच्या वरिष्ठांना कळवतो मी हे. आजच्या आज.”

त्यानं मान डोलावली आणि खोकं बांधायला घेतलं.

“घरी न्या ती काच,” सिस्टर म्हणाल्या. “तोंड बघायला होईल.”

आयामावशी खुदकन हसल्या. तो खोकं खांद्यावर घेऊन जिना उतरला, फाटकाबाहेर आला, खोकं कठड्यावर टेकवलं आणि थोरल्या बहिणीला फोन लावला.

“ताई, आईला दुसरीकडे कुठं न्यायला नको,” तो म्हणाला. “उद्या सकाळी इथंच भरती करू. घाबरू नकोस गं, आमचे पंप नाही बसत आता तिथं. जुनेच ठेवायला लावलेत मी.”